टास्मानियन वाघ नेमका कुणी संपवला?

पाणकणीस

गेल्या आठवड्यात बिबट्यांवरच्या धाग्यात विषय भरकटत टास्मानियन वाघापर्यंत गेला आणि दोन-तीन जणांनी एकच सूर लावला : तो प्राणी मुळातच दुबळा, बेटावर अडकून पडलेला, आज ना उद्या जाणारच होता, माणसानं फार तर थोडी घाई केली. मला हे मुळीच पटत नाही. तिथे चार ओळींत उरकण्याजोगा हा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टास्मानियन वाघ, म्हणजे थायलसिन, हा वाघही नव्हे आणि लांडगाही नव्हे. कांगारूच्या गोतावळ्यातला, पोटाशी पिशवी असलेला शिशुधान प्राणी. अंगलट कुत्र्याची, पाठीच्या मागच्या भागावर गडद पट्टे, शेपूट मुळाशी जाड आणि ताठ. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला. अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकलेल्या शिशुधान शिकाऱ्यांत सगळ्यात मोठा. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी गेला. टास्मानिया बेटावर मात्र १८०३ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा तो चांगला नांदत होता.

पुढे काय झालं ते तारखांसकट सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तारखांवर उभा आहे.

बेटाच्या वायव्य कोपऱ्यात व्हॅन डीमेन्स लँड (टास्मानियाचं तेव्हाचं नाव) कंपनीला प्रचंड जमिनी मिळाल्या होत्या. कंपनीनं मेंढ्या आणल्या. त्या थंडी-पावसानं आणि निकस गवतामुळे मरू लागल्या. मोकाट कुत्री होती, चोर होते. १८३० मध्ये कंपनीनं थायलसिनच्या शिरावर इनाम लावलं. पुढे तिच्या वूलनॉर्थच्या मळ्यावर 'टायगरमन' अशी पगारी नेमणूकच असे : मेंढरं राखायची आणि थायलसिनसाठी फास लावायचे. १८८४ मध्ये पूर्वेकडच्या बकलंड आणि स्प्रिंग बे भागातल्या मळेवाल्यांनी 'वाघ आणि गरुड निर्मूलन' संघटना काढली. १८८६ मध्ये जॉन लाइन या सदस्यानं टास्मानियाच्या विधानसभेत सरकारी इनामाचा ठराव मांडला. मेंढ्यांच्या नुकसानीचे मोठमोठे आकडे सभागृहात फेकले गेले, त्यामागे मोजणी नव्हती. ठराव १२ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. एका मतानं. १८८८ पासून मोठ्या प्राण्यामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग मिळू लागले, आणि १९०९ पर्यंत अशी २,१८४ इनामं सरकारी तिजोरीतून दिली गेली.

१९१४ मध्ये टास्मानिया विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक टी. टी. फ्लिन यांनी थायलसिनला एखाद्या बेटावर सुरक्षित ठेवावं असं सुचवलं. १९२८ मध्ये स्थानिक प्राण्यांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीनं त्याच्यासाठी राखीव क्षेत्र मागितलं. १९३० च्या मे महिन्यात मॉबॅना इथे एका शेतकऱ्यानं एक थायलसिन गोळी घालून मारला. रानातला थायलसिन मारल्याची ही शेवटची पक्की नोंद. त्याच वर्षी कायद्यानं संरक्षण दिलं, तेही फक्त डिसेंबर महिन्यापुरतं. पूर्ण संरक्षण आलं १० जुलै १९३६ ला. ७ सप्टेंबर १९३६ ला टास्मानियाची राजधानी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसिन मेला. मधे एकोणसाठ दिवस.

माझं म्हणणं असं : हा प्राणी अज्ञानापायी गेला नाही. वेळेवर सांगणारी माणसं होती. त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवणारीही होती, आणि त्यांची नावं, मतं, तारखा कागदावर आहेत. जिथे एवढी नोंद आहे तिथे 'सगळी मानवजात जबाबदार' असं गोलमोल बोलून दोष सगळ्यांवर चिमूटभर वाटून टाकू नये.

मतं लिहा. विरोधी असतील तर जास्त सविस्तर लिहा.

सांजवारा

+१. ठराव एका मतानं पास झाला हे माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

तर्कशुद्ध

माहिती चांगली आहे, पण आरोपी आधी ठरवून मग पुरावे गोळा केल्यासारखं वाटतं.

साधं गणित करा. टास्मानियात सुरुवातीला दोन ते पाच हजार थायलसिन असावेत असे अंदाज दिले जातात. २१ वर्षांत २,१८४ म्हणजे वर्षाला सरासरी १०४. मादीच्या पिशवीत चार पिल्लांपर्यंत जागा. एवढ्या मारीनं संख्या घटेल, प्रजाती मुळापासून जाणार नाही. शिवाय इनामांचा आकडा टप्प्याटप्प्यानं उतरलेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो एकाएकी कोसळतो. फासानं आणि बंदुकीनं संख्या अशी कोसळत नाही, साथीच्या रोगानं कोसळते. कुत्र्यांच्या डिस्टेंपरसारखा रोग थायलसिनमध्ये दिसल्याचं त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवलेलंही आहे.

दुसरं, त्या अकरा मतांवर तुम्ही फार भार टाकता. विरोधात मत देणाऱ्याला थायलसिनचा कळवळा होता कशावरून? सरकारी पैसा बड्या मळेवाल्यांवर का उधळायचा, असाही विरोध असू शकतो. १८८६ मध्ये प्रजाती नामशेष होणं ही कल्पना सामान्य आमदाराच्या डोक्यात कितपत असेल? आणि १९३० चं दशक म्हणजे महामंदी. पोटाची भ्रांत असलेल्या बेटानं फासेपारध्याच्या वाटेत आडवं यायला हवं होतं, हे आज पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे.

आणि मुख्य भूमीवर कुठे होते इंग्रज? तिथे डिंगो, म्हणजे रानटी कुत्रे, आले आणि थायलसिन गेला. एका संशोधनानुसार सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतातून माणसं ऑस्ट्रेलियात गेली आणि डिंगोही साधारण त्याच सुमारास तिथे पोचला. मग काय, आपल्या पूर्वजांवरही खटला भरायचा?

जनुकवेडा

भारताच्या मुद्द्यावर थांबवतो, कारण तो अर्धवट आहे. २०१३ मध्ये लायपझिगच्या संशोधकांनी जनुकीय माहितीवरून भारताकडून ऑस्ट्रेलियाकडे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी स्थलांतर झालं असावं असं मांडलं, हे खरं. पण २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या वाय गुणसूत्रांचा बारकाईनं अभ्यास झाला तेव्हा त्यात त्या काळातल्या भारतीय संबंधाचा मागमूस लागला नाही. डिंगोचं नातंही पूर्व आशियातल्या कुत्र्यांशी जुळतं. तेव्हा आपले पूर्वज सुटले म्हणायला हरकत नाही.

डिंगोचा भाग मात्र खरा आहे. डिंगो अंगानं थायलसिनच्या मादीपेक्षा मोठा, आणि टास्मानियात तो कधी पोचलाच नाही, कारण समुद्राची पातळी वाढून बेट त्याआधी कितीतरी हजार वर्षं तुटलं होतं. मुख्य भूमीवर त्याच सुमारास माणसांची संख्याही वाढत होती आणि हवामानही कोरडं होत होतं, त्यामुळे तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही.

थायलसिनच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २०१७ मध्ये आला. त्यातून दिसतं की त्याची जनुकीय विविधता फार जुन्या काळापासून, बेट तुटण्याच्याही आधीपासून, घटत होती. म्हणजे 'मुळात दुबळा' म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीत.

पाणकणीस

@तर्कशुद्ध, गणितात एक मोठं खातं राहिलं. २,१८४ ही फक्त सरकारनं पैसे मोजलेली शिरं. व्हॅन डीमेन्स लँड कंपनीची इनामं वेगळी, स्थानिक संघटनांची वेगळी. पोसम आणि वॉलबी या छोट्या शिशुधान प्राण्यांच्या कातड्यांसाठी रानभर लावलेल्या फासांत अडकून मेलेले वेगळे. प्राणिसंग्रहालयांना विकलेले वेगळे. त्यात वसाहतीबरोबर आलेली मोकाट कुत्री, कुरणांसाठी मोकळं केलेलं रान आणि कातड्यांच्या धंद्यानं घटलेलं भक्ष्य धरा.

रोगाबद्दल. २०१३ मध्ये ॲडलेडच्या संशोधकांनी नेमका तुमचाच प्रश्न गणिती प्रारूपात घालून तपासला : रोग न धरता, फक्त इनामाची शिकार, भक्ष्याची घट आणि अधिवासाचा नाश एवढ्यानं प्रजाती संपू शकते का? उत्तर आलं, संपू शकते. रोग नव्हताच असं त्यातून सिद्ध होत नाही. पण रोगाशिवाय हिशेब जुळतच नाही, हे म्हणणं निकालात निघतं.

@जनुकवेडा, विविधता कमी होती हे मान्य. तशीच कमी विविधता टास्मानियन डेव्हिल या तिथल्याच शिशुधान शिकाऱ्यामध्येही आहे, आणि तो आजही आहे. थायलसिन त्या 'दुबळेपणासकट' बेटावर दहा हजारांहून जास्त वर्षं जगला. वसाहत झाल्यावर एकशे तेहतीस वर्षांत संपला. यातलं कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि ज्या गुन्ह्यासाठी त्याला मारलं तो गुन्हा तरी त्याचा होता का? २०११ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी त्याच्या कवटीचं संगणकावर प्रारूप करून पाहिलं, तर जबडा मोठ्या जनावराची झटापट सोसणारा नव्हता. २०२० च्या अभ्यासात सरासरी वजन साधारण १६.७ किलो निघालं, पूर्वी धरत त्याच्या निम्म्याच्या जवळपास. पोसमसारखी छोटी जनावरं हेच त्याचं मुख्य खाणं असणार. क्वचित एखादी मेंढी त्यानं मारलीही असेल. पण एका बेटाचा मेंढपाळीचा धंदा बुडवण्याइतक्या? १९२१ मध्ये तोंडात कोंबडी धरलेल्या थायलसिनचा एक फोटो छापून आला होता आणि 'कोंबडीचोर' ही त्याची ओळख पक्की करायला तो पुढे सतत वापरला गेला. मूळ फोटोत मागे कुंपण आहे. छापताना ते कापलं होतं. रानातला प्राणी नव्हताच तो. पेंढा भरलेला नमुना असावा असाही निष्कर्ष एका अभ्यासात निघाला आहे.

अकरा मतांबद्दल : ती खर्चापायी पडली असतील असं धरलं तरी माझा मुद्दा तसाच राहतो. भर सभागृहात जवळजवळ निम्म्या लोकांना पुरावा किंवा गरज पटली नव्हती, तरी ठराव रेटला गेला. ज्यांनी रेटला त्यांच्याकडे कुरणं होती.

माणदेशी

बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. आमचं घराणं मेंढपाळांचं. आजा आणि चुलते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे, चुलतभाऊ अजून जातात. रात्री कुणाच्या तरी शेतात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची, कोकरं डालग्याखाली झाकायची, चार कोपऱ्यांना कुत्री आणि एक माणूस आळीपाळीनं जागा. एवढं करून तांबडं फुटायच्या आधी, डोळा लागतो त्या घटकेला लांडगा येतो. आवाज नाही, काही नाही. कुत्री भुंकेपर्यंत कोकरू गेलेलं असतं.

म्हणून पाणकणीस ताई, तुम्ही संगणकावरच्या कवटीचं सांगता ते मी मान डोलावून ऐकतो, पण ज्याचं जनावर जातं त्याला कवटीचं गणित सांगून उपयोग नसतो. त्याला पहाटे पट्टे दिसले होते, एवढंच तो सांगणार. टास्मानियातला तो 'टायगरमन' कोण होता? पगारी गडीच ना? फास लावणारे, कातडी काढणारे, सगळे गरीब. पौंड म्हणजे त्यांना मोठी रक्कम. आजकाल प्राणी संपला की बोट पहिलं जातं ते मेंढपाळाकडं आणि शिकाऱ्याकडं. तुमच्या धाग्यात तसं नाही हे बघितलं, म्हणूनच लिहायला बसलो. पण प्रतिसादांत 'माणसाची हाव' हा शब्द यायच्या आत सांगून ठेवतो : भूक आणि हाव यांतला फरक ठेवा.

पाणकणीस

माणदेशी, तुम्ही जो फरक मागताय त्याच्यासाठीच धागा काढला. इनाम घेणाऱ्याला मी आरोपी करत नाही. इनाम लावणाऱ्याला करते. कंपनीच्या मेंढ्या थंडीत गारठून मेल्या तेव्हा लंडनमधल्या भागधारकांना सांगायला एक कारण हवं होतं. थंडीला फास लावता येत नाही.

आपल्याकडेही हेच सरकार होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी ब्रिटिश काळातल्या नोंदींवरून दाखवलं आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाखांवर लांडगे मारले गेले. इनाम घेणारे बहुतेक आपलेच गोरगरीब असणार. धोरण मात्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

मेलबर्नकर

मी गेली बरीच वर्षं मेलबर्नला आहे आणि होबार्टला जाणं होतं. दोन गोष्टी जोडते, कारण त्यांच्याशिवाय हा विषय अपुरा राहतो.

पहिली, त्या शेवटच्या प्राण्याची. १९३३ मध्ये डेव्हिड फ्ले या निसर्ग-अभ्यासकानं होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात एका थायलसिनचं चित्रीकरण केलं. ते आंतरजालावर आहे, जरूर बघा. तो जाळीलगत येरझारा घालतो, खाली बसतो, मागचा पाय उचलून खाजवतो, आणि जांभई देतो तेव्हा जबडा एवढा उघडतो की मान बाजूला काढल्यासारखी वाटते. चित्रीकरण करताना तो फ्लेला पाठीमागून चावलाही होता. कित्येक वर्षं लोक समजत होते की १९३६ मध्ये मेला तो हाच नर. २०२२ मध्ये रॉबर्ट पॅडल आणि कॅथरिन मेडलॉक या संशोधकांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की शेवटची एक म्हातारी मादी होती. एका फासेपारध्यानं ती फ्लोरेंटाइन खोऱ्यात पकडली आणि मे १९३६ मध्ये विकली. फास लावणं तेव्हा बेकायदा असल्यामुळे विक्रीची नीट नोंद झाली नाही. मेल्यावर तिचं शव होबार्टच्या वस्तुसंग्रहालयात गेलं, कातडं कमावलं, हाडं सुटी केली आणि शाळांमधून मुलांना दाखवायला नेली. ती 'शेवटची' आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पंच्याऐंशी वर्षं ती संग्रहालयातच होती.

त्या काळात तिथली व्यवस्था काय होती तेही वाचण्यासारखं आहे. प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख आर्थर रीड १९३५ च्या अखेरीस वारले. त्यांची मुलगी ॲलिसन प्राण्यांची देखभाल करत होती, तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. रात्री प्राण्यांना आतल्या निवाऱ्यात घ्यायला कुणी नसे; रात्री बाहेरून त्यांचे आवाज ऐकू यायचे पण आत जाता येत नसे, असं तिनं म्हातारपणी सांगितलं. कायद्यानं संरक्षण मिळालेला प्राणी नगरपालिकेच्या पिंजऱ्यात उघड्यावर गारठत होता.

दुसरी गोष्ट लिहिताना मला त्रास होतो. टास्मानियात शिरामागे इनाम लावायची पद्धत थायलसिनपुरती नव्हती. त्याच १८३० साली तिथल्या गव्हर्नरच्या सरकारनं आदिवासी माणसांना पकडून आणण्यासाठी इनाम लावलं होतं : मोठ्या माणसामागे पाच पौंड, मुलामागे दोन. त्रुगानिनी या पलावा, म्हणजे टास्मानियन आदिवासी, स्त्रीला १८७६ मध्ये मृत्यूनंतर तिच्या लोकांतली 'शेवटची' ठरवलं गेलं. तिनं मरणापूर्वी विनवलं होतं तरी तिचा सांगाडा होबार्टच्या त्याच संग्रहालयात १९४७ पर्यंत प्रदर्शनात होता. १९७६ मध्ये तिच्या अस्थींवर अंत्यसंस्कार झाले. २०२१ मध्ये संग्रहालयानं आदिवासी समाजाची जाहीर माफी मागितली. पलावा लोक संपलेले नाहीत, आज आहेत, आपली भाषा पुन्हा उभी करत आहेत. माणसं आणि प्राणी यांची मी बरोबरी करत नाही. मी सांगते आहे ते त्या राज्यकर्त्यांच्या हिशेबाच्या वहीबद्दल. जमीन मेंढ्यांसाठी मोकळी करायची होती आणि जे कुणी आडवं येईल त्याला किंमत लावली गेली.

क्रिकेटवाल्यांसाठी : रिकी पाँटिंगचा टास्मानियाचा संघ 'टायगर्स' म्हणवतो तो हाच वाघ. राज्याच्या चिन्हावर दोन्ही बाजूंना दोन थायलसिन उभे आहेत. ते चिन्ह १९१७ मध्ये मिळालं. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या चिन्हावरच्या प्राण्याला मारायला पूर्ण बंदी नव्हती.

सांजवारा

ॲलिसनचा भाग वाचून काही सुचत नाहीये.

तर्कशुद्ध

मेलबर्नकर, प्रतिसाद मोलाचा आहे. पण माझी मूळ हरकत यानं आणखी पक्की होते. माफीचं उदाहरण तुम्ही दिलंत. माफी माणसांना मागता येते, कारण ती ऐकणारे आहेत, ते नाकारू शकतात, अटी घालू शकतात, जमीन परत मागू शकतात. थायलसिनच्या बाबतीत 'जबाबदार कोण' हे शोधून पुढे काय? जॉन लाइन मेला, कंपनीचे तेव्हाचे भागधारक मेले. आजचा टास्मानियन मेंढपाळ त्यांचा वारस आहे का? ज्या जबाबदारीतून कुणावर काही बंधन येत नाही तिला मी जबाबदारी म्हणणार नाही. तो इतिहास आहे, चांगला इतिहास आहे, एवढंच.

जनुकवेडा

बंधन येतं. नुकसान भरून द्यायचं बंधन. कोलोसल ही अमेरिकन कंपनी आणि मेलबर्न विद्यापीठातला अँड्र्यू पास्क यांचा गट २०२२ पासून हेच करतो आहे. थायलसिनचा जवळचा जिवंत नातलग म्हणजे उंदराएवढा डनार्ट. त्याच्या पेशींत बदल करत करत थायलसिनच्या जनुकसंचाकडे न्यायचं. स्टॉकहोमच्या संग्रहालयातल्या सुमारे १३० वर्षं जुन्या नमुन्यातून २०२३ मध्ये आरएनएदेखील मिळाला, म्हणजे त्याच्या पेशींत कुठली जनुकं चालू होती तेही कळू लागलं. ज्या माणसानं संपवला त्यानंच परत आणायचा प्रयत्न करणं यापेक्षा प्रामाणिक जबाबदारी मला तरी माहीत नाही.

पाणकणीस

जनुकवेडा, या प्रयत्नाबद्दल तुमच्याइतका उत्साह मला वाटत नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनं १९९९ मध्ये असाच गाजावाजा केला होता, १८६६ साली अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या पिल्लापासून. २००५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. डीएनए फार खराब झालेला होता. आज तंत्र खूप पुढे गेलं आहे, मान्य. पण बदललेल्या डनार्टमधून जो जीव जन्मेल तो पट्टेवाला असेल, थायलसिन असेल का? त्याला शिकार शिकवणारी आई कुठे आहे?

मला खुपतं ते वेगळंच. १९९६ मध्ये टास्मानियन डेव्हिलच्या तोंडावर संसर्गजन्य कर्करोगाच्या गाठी पहिल्यांदा दिसल्या आणि त्यानंतर त्यांची संख्या भयानक घटली. तो प्राणी आत्ता आहे, त्याच बेटावर आहे, त्याच्यावरही कधीकाळी इनाम होतं. सगळं लक्ष आणि कौतुक गेलेल्याकडे, आणि जाणारा तसाच.

जनुकवेडा

तो पैसा एरवी डेव्हिलला मिळाला असता असं तुम्ही धरून चालता. नसता मिळाला. गुंतवणूकदार थायलसिनच्या नावानं पैसे देतात. आणि त्यातून निघणारं तंत्र जिवंत प्राण्यांच्या कामी येतं. उसावरच्या किडीसाठी १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेला केन टोड हा बेडूक विषारी आहे, त्याला खाऊन क्वोल हे छोटे शिशुधान शिकारी मरतात. क्वोलला ते विष बाधू नये म्हणून हाच गट जनुकबदलावर काम करतो आहे. आईच्या शिकवणीचा मुद्दा मात्र मोठा आहे, त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

पाणकणीस

@तर्कशुद्ध, तुमच्या 'पुढे काय'चं उत्तर देते.

१८८६ ची चूक ही की मागणी करणाऱ्यानं नुकसान सिद्ध करायचं नव्हतं. थायलसिननं मेंढी मारली की कुत्र्यानं, की ती थंडीनं मेली आणि मग कुणी खाल्ली, हे कुणी जाऊन बघितलं नाही. पैसे मेलेल्या मेंढीमागे नव्हते, मेलेल्या थायलसिनमागे होते. त्यामुळे ज्याच्याकडे एकही मेंढी नाही तो माणूस मेंढ्या नसलेल्या दूरच्या रानात जाऊन फास लावू शकत होता, आणि तेच झालं. तेच पैसे मेलेल्या मेंढीमागे, पाहणी करून दिले असते, तर पाच वर्षांत खरा गुन्हेगार कोण ते वहीत दिसलं असतं, मेंढपाळाचं नुकसान भरून निघालं असतं आणि दूरच्या रानातला थायलसिन राहिला असता.

हे आजही लागू आहे. कुठलंही सरकार उपद्रवी म्हणून एखाद्या प्राण्याला मारायची परवानगी देतं तेव्हा पहिला प्रश्न हाच : मोजलंय कुणी? जो ठराव मांडतो त्यानं दाखवायचं. तुम्ही म्हणता त्या बंधनाचं हे रूप.

तर्कशुद्ध

हे मला जास्त पटण्यासारखं आहे, कारण यात मेलेल्यांवर खटला नाही. तरी एक सांगतो, १८८६ च्या टास्मानियात डोंगराळ कुरणात जाऊन मेंढीचं शव तपासणारा माणूस कुठून आणणार होता सरकार? माणूस आणणं महाग, इनाम स्वस्त. धोरणं अशीच ठरतात, दुष्टपणानं नाही. आणि तुम्ही नावं घेण्याचा जो आग्रह धरता त्यातून ही स्वस्ताई लपते.

पाणकणीस

स्वस्त पडलं म्हणून केलं, हे मला दुष्टपणापेक्षा बरं वाटत नाही. आणि स्वस्त कुणाला? २,१८४ इनामांचे पैसे सरकारनंच भरले.

माणदेशी

ताई, मेलेल्या मेंढीमागे पैसे ही गोष्ट बोलायला बरोबर आहे, आपल्याकडं कागदावर आहेच. आता ती चालते कशी ते सांगतो, कारण तुम्ही १८८६ ला जे लावू म्हणता ते आम्ही भोगतोय.

भरपाईसाठी मेलेलं जनावर दाखवायला लागतं. लांडगा कोकरू जागेवर खात नाही, उचलून नेतो. दाखवायचं काय? रक्ताचे दोन थेंब आणि कुत्र्याच्या गळ्यावरची जखम. मेंढी मेली आणि मढं राहिलं तरी वाडा, म्हणजे आमचा मेंढरांचा तळ, एका गावात दोन-तीन रात्रींच्या वर थांबत नाही. शेतमालकानं खतासाठी बोलावलेलं असतं, ते झालं की पुढं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत आम्ही दुसऱ्या तालुक्यात. मग कागद आमच्या गावच्या पत्त्यावर, जिथं आम्ही पावसाळ्याशिवाय नसतो. चुलतभावानं एकदा सगळे कागद केले, तीनदा फेऱ्या मारल्या आणि नाद सोडला. त्या फेऱ्यांत मेंढरामागं राहायला गडी लावावा लागला, त्याचे पैसे मेंढीच्या किमतीच्या जवळ गेले.

मोजलंय कुणी, हे विचारा, जरूर विचारा. पण मोजणारा माणूस वाड्यापर्यंत आला पाहिजे, वाड्यानं त्याच्या दारात जायचं नाही. मोबाइलवर काढलेला फोटो आणि ज्याच्या शेतात वाघर होती त्या शेतकऱ्याची सही एवढ्यावर पैसे मिळाले पाहिजेत, आणि चरणीच्या वाटेवर कुठल्याही तालुक्यात मिळाले पाहिजेत. हे झालं तर आमच्यातला कुणी लांडग्याच्या बिळात धूर करणार नाही. आमच्या खंडोबाच्या जागरणात लांडग्याला शिव्या नाहीत, तो आमच्या रानातलाच आहे, हे आजाही म्हणायचा. तुमच्यापैकी कुणाचं या कामात येणं-जाणं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, चुलतभावाचे जुने कागद माझ्याकडं आहेत.